भुईरिंगणी की डोरली? पुन्हा पुन्हा चुकणारी ओळख आणि तिचे निवारण

मराठवाड्यातील बांधांवर, पडीक रानांत, मुरमाड माळांवर आणि नदीकाठच्या रेताड जागी वाढणाऱ्या भुईरिंगणी आणि डोरली या दोन रानवनस्पतींची गल्लत झाल्याची तक्रार माझ्याकडे दरवर्षी येते आणि दिवाळीनंतर फळे पिकू लागली की तिचे प्रमाण वाढते. ही गल्लत समजण्यासारखी आहे. दोन्ही वनस्पती वांग्याच्या कुळातील, म्हणजे सोलॅनेसी कुळातील, आणि त्यातही सोलॅनम या एकाच प्रजातीतील आहेत. दोघींना काटे असतात, दोघींची फुले बहुधा जांभळी असतात, दोघींची फळे पिकली की पिवळसर होतात आणि बोलताना दोघींनाही नुसते ‘रिंगणी’ म्हटले जाते. जमिनीवर पसरणारी ती भुईरिंगणी किंवा काटेरिंगणी, म्हणजे सोलॅनम व्हर्जिनिॲनम. उभी झुडपासारखी वाढणारी ती डोरली किंवा मोठी रिंगणी, जिचे सोलॅनम इंडिकम हे जुने नाव अजूनही अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते.

आयुर्वेदात पहिलीला कंटकारी आणि दुसरीला बृहती म्हणतात. दोघींचा एकत्र उल्लेख ‘बृहतीद्वय’ असा होतो आणि शालपर्णी, पृश्नपर्णी व गोक्षुर यांच्याबरोबर त्या लघुपंचमुळात, म्हणजे पाच मुळांच्या गटात, आणि पुढे दहा मुळांच्या दशमुळात येतात. एवढ्यावरून एकीच्या जागी दुसरी चालते असा समज गोळा करणाऱ्यांत आणि किरकोळ विक्रेत्यांतही रुजलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याचे कारण साध्या हिशेबाचे आहे. दशमुळात दहा घटक धरलेले असतात. डोरलीच्या नावाने आलेल्या पोत्यात भुईरिंगणी निघाली, तर काढ्यात एक घटक दुप्पट होतो आणि दुसरा पूर्णपणे गळतो. शिवाय कंटकारी अवलेहासारख्या कल्पात भुईरिंगणी हाच मुख्य घटक असतो. तिथे बदल झाला तर त्या औषधाला त्याचे नावच उरत नाही.

गल्लत झाली आहे हे कशावरून ओळखावे

तक्रार वेगवेगळ्या रूपांत येते, पण मूळ एकच असते. भुईरिंगणीचे बी म्हणून वाफ्यात टाकलेल्या बियांची रोपे पसरण्याऐवजी सरळ वर जातात आणि पावसाळा संपेपर्यंत कमरेच्या उंचीची होऊ लागतात. वाळवलेला माल घेणारा व्यापारी ‘यात मिसळ आहे’ असे सांगून पोते परत करतो. विद्यार्थ्याने चिकटवून नेलेल्या नमुन्यावर शिक्षक खूण करतात, कारण त्याच्या दोन कागदांवर दोन वेगळ्या वनस्पती आणि नाव मात्र एकच असते. मोबाइलवर पाठवलेल्या एकाच छायाचित्राला दोन जाणकार दोन नावे सांगतात. किंवा भुईरिंगणी म्हणून आणलेल्या फांदीवर लहान, नारिंगी फळांचा घोस असतो आणि त्यांतील एकाही फळाभोवती काटेरी आवरण नसते. यांपैकी कोणतेही लक्षण दिसले, तर पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात. पहिल्या काही तपासण्यांना खर्च नाही आणि फार वेळही लागत नाही. बहुसंख्य वेळा तिसऱ्या-चौथ्या तपासणीपर्यंत उत्तर मिळते आणि पुढे जाण्याची गरज राहत नाही.

तपासणीला जाताना जाड चामडी हातमोजे, कात्री, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि शक्य असल्यास दहा पट मोठे दाखवणारे भिंग सोबत ठेवावे. भुईरिंगणीला उघड्या हाताने धरू नये. तिचा काटा त्वचेत मोडला तर काढताना त्रास होतो, आणि मातीने माखलेल्या काट्याच्या जखमेसाठी धनुर्वाताची लस घेतलेली आहे की नाही हे डॉक्टरांना विचारणे आवश्यक ठरते.

पहिली तपासणी: झाड वांग्याच्या कुळातले तरी आहे का

ही तपासणी अनेकांना अनावश्यक वाटते, पण मी ती कधीही गाळत नाही, कारण नवख्या माणसाकडून भुईरिंगणी म्हणून पिवळा धोतरा आणला गेल्याची उदाहरणे नेहमी घडतात. पिवळ्या धोतऱ्याची पाने काटेरी, खोल कातरलेली आणि शिरांवर पांढुरकी असल्यामुळे फूल नसताना तो दुरून फसवतो. पानाचा देठ किंवा कोवळी फांदी मोडून पाहावी. पिवळा चीक आला, तर ते झाड खसखशीच्या कुळातले आहे आणि चौकशी तिथेच संपते. भुईरिंगणी आणि डोरली या दोघींच्याही फांदीतून चीक येत नाही.

या गल्लतीचा परिणाम केवळ चुकीच्या नावापुरता नसतो. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल विषारी आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाल्यामुळे एपिडेमिक ड्रॉप्सी या अंगाला सूज आणणाऱ्या विकाराची मोठी साथ आली होती आणि त्यात माणसे दगावली. नावात ‘धोतरा’ असला तरी ही वनस्पती खऱ्या धोतऱ्याची नातेवाईक नाही, आणि खरा धोतरा मात्र वांग्याच्याच कुळातला आहे.

दुसरी तपासणी: झाड आडवे आहे की उभे

भुईरिंगणी जमिनीला धरून चहूबाजूंना पसरते. तिच्या फांद्या पेरागणिक दिशा बदलत नागमोडी जातात आणि बुडाशी त्या लाकडासारख्या कठीण होतात. डोरली हे उभे, बहुशाखी झुडूप आहे. ते साधारण अर्धा ते दीड मीटर उंच वाढते आणि कुंपणाच्या आधाराने किंवा ओढ्याच्या काठाला वर्षानुवर्षे टिकते. भर उन्हाळ्यात, आजूबाजूचे गवत करपून गेलेले असताना, उघड्या माळावर हिरवागार काटेरी पसारा दिसला, तर तो बहुधा भुईरिंगणीचा असतो.

मात्र केवळ या एका लक्षणावर निर्णय देऊ नये, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात. बांध साफ करताना विळ्याने छाटलेली किंवा बांध पेटवल्यामुळे जळालेली डोरली बुडातून पुन्हा फुटते, तेव्हा तिचे धुमारे काही काळ बुटके आणि पसरट दिसतात. उलट बोराट्यांच्या किंवा बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात उगवलेली भुईरिंगणी प्रकाशाच्या ओढीने काट्यांवर रेलत वर चढते आणि उभे झुडूप असल्याचा भास निर्माण करते. रोपावस्थेत तर पहिल्या काही पानांपर्यंत दोन्ही उभ्याच दिसतात. म्हणून झाडाची उंची पाहण्याऐवजी नव्या फुटव्याचा कल पाहावा. आधार बाजूला केल्यावर नवा फुटवा जमिनीकडे झुकून पसरत असेल, तर झाड भुईरिंगणीच्या बाजूचे आहे. बुटका असूनही तो ताठ वर निघालेला असेल, तर डोरलीच्या बाजूचे. शेजारची चार-पाच झाडेही पाहून घ्यावीत, कारण एखादे झाड अपघाताने वाकडे वाढू शकते, पण सगळीच झाडे तशी वाढत नाहीत.

तिसरी तपासणी: फळ आणि त्याचा टोप

माझ्या मते या सर्व तपासण्यांत सर्वांत भरवशाची तपासणी हीच आहे, त्यामुळे फळे असलेल्या हंगामात तिच्यावर सर्वाधिक वेळ द्यावा.

भुईरिंगणीचे फळ गोल आणि साधारण १३ ते २० मिलिमीटर व्यासाचे असते. कच्चे असताना त्यावर हिरव्या-पांढऱ्या रेषांची नक्षी असते आणि पिकल्यावर ते पिवळे होते. डोरलीचे फळ सुमारे ८ मिलिमीटरचे, पिकल्यावर गडद पिवळे ते नारिंगी असते आणि अशी अनेक फळे एकाच दांड्यावर घोसाने लागतात. भुईरिंगणीची फळे एकेकटी किंवा मोजकीच असतात.

आकार पाहणे सोपे असले तरी तोच फसवा आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी भुईरिंगणीची फळे पूर्ण वाढत नाहीत, आणि अर्धवट वाढलेले भुईरिंगणीचे फळ पट्टीवर डोरलीच्या पिकलेल्या फळाएवढेच भरू शकते. म्हणून फळाच्या देठाकडचा निदलपुंज पाहावा, म्हणजेच वांग्याच्या डोक्यावर असतो तसा हिरवा टोप. भुईरिंगणीत फूल गळून गेल्यानंतर हा टोप फळाबरोबर वाढत जातो, फळाच्या बुडाला वेढून घेतो आणि त्यावर ठळक, सरळ, पिवळे काटे असतात. डोरलीत टोप लहानच राहतो. फळ त्याच्यातून मोकळे बाहेर आलेले दिसते आणि बोटांच्या चिमटीत धरता येते. भुईरिंगणीचे फळ उघड्या चिमटीत धरण्याचा प्रयत्न करू नये.

टोपाची तपासणी इतकी महत्त्वाची ठरण्याचे कारण असे की तिच्यावर पावसाचा, जमिनीचा किंवा छाटणीचा फारसा परिणाम होत नाही. पाने लहान-मोठी होतात, फांद्या वाकतात, काटे कमी-जास्त येतात. पण वाढणारा काटेरी टोप आणि न वाढणारा टोप हा फरक दुष्काळातही टिकतो. वाळलेल्या फळांवरही तो दिसतो, त्यामुळे पंचांग म्हणून, म्हणजे मुळापासून फळापर्यंत सगळे एकत्र, वाळवलेल्या मालात काही अखंड फळे सापडली तर त्यांचे टोप आधी तपासावेत.

एक प्रसंग असा येतो की झाड स्पष्टपणे उभे असते आणि फळे मात्र २० मिलिमीटरपेक्षाही मोठी, पिवळी असतात. अशा वेळी ओढूनताणून यातील एक नाव देऊ नये. ते रानातले काटेवांगे किंवा सोलॅनम प्रजातीतील आणखी एखादी जात असू शकते, आणि त्याचा निर्णय शेवटच्या टप्प्यावर सांगितलेल्या ठिकाणी घ्यावा.

चौथी तपासणी: काट्याची घडण

काटे दोघींनाही असतात, परंतु त्यांची घडण सारखी नसते. भुईरिंगणीचे काटे सरळ, चपटे, पिवळे आणि चकचकीत असतात. त्यांपैकी अनेक १३ मिलिमीटरपेक्षा लांब भरतात आणि ते खोडावर, देठावर, पानाच्या मधल्या शिरेवर, बाजूच्या शिरांवर व टोपावर असे सर्वत्र येतात. डोरलीच्या खोडावरचे काटे बुडाशी रुंद, बाजूंनी दबलेले आणि बहुधा खाली वळलेले असतात.

हा फरक तपासण्याची एक सोपी रीत आहे. जुन्या सुती कापडाचा तुकडा खोडाला हलका लावून बुडाकडून शेंड्याकडे ओढावा आणि मग उलट दिशेने ओढावा. डोरलीचे काटे खाली वळलेले असल्यामुळे वर जाणारे कापड त्यांच्या टोकांत अडकते, तर खाली येणारे कापड त्यांच्यावरून सहज घसरते. भुईरिंगणीचे सरळ काटे दोन्ही दिशांनी कापडात घुसतात आणि दिशेचा असा फरक जाणवत नाही. ही चाचणी खोडावरच करावी. पानांवरील काटे डोरलीतही सरळ असू शकतात आणि पानावरून केलेली चाचणी हमखास चुकवते.

काट्यांच्या संख्येवरून मात्र काहीही ठरवू नये. सावलीत, ओलसर काठावर वाढलेल्या डोरलीवर काटे विरळ असतात आणि उघड्या माळावरच्या झाडावर तेच दाट येतात. काट्याच्या तपासणीचा मोठा फायदा हा की काटा वाळल्यावरही आपला आकार सोडत नाही. पोत्यातून काढलेल्या खोडाच्या तुकड्यावर ही तपासणी तितकीच उपयोगी पडते, आणि फळे नसलेल्या मालासाठी तर बहुतेक वेळा हाच एकमेव आधार उरतो.

पाचवी तपासणी: पान, तेही भिंगाखाली

पानाकडे लोक सर्वांत आधी पाहतात, म्हणून ते मी जाणीवपूर्वक उशिरा घेतो. भुईरिंगणीचे पान खोल नागमोडी कातरलेले, दोन्ही बाजूंनी साधारण सारख्याच हिरव्या रंगाचे आणि जून झाल्यावर जवळजवळ केसरहित असते. डोरलीच्या पानाला थोडे, मोठे, त्रिकोणी खंड असतात, बुडाशी पानाच्या दोन बाजू अनेकदा असमान असतात आणि खालची बाजू दाट लवीमुळे करडी-पांढुरकी दिसते. दोघींची लव भिंगाखाली ताऱ्याच्या आकाराची दिसते, कारण एका ठिकाणाहून अनेक शाखा फुटलेले केस हे सोलॅनम प्रजातीतील या काटेरी गटाचे सामायिक लक्षण आहे. त्यामुळे तारकाकृती केस दिसले म्हणजे डोरली, असे म्हणता येत नाही. केस किती दाट आहेत आणि जून पानावर ते टिकले आहेत का, हे पाहावे लागते.

पान तपासण्यापूर्वी ते पाण्याने धुऊन घ्यावे. आपल्याकडील रस्त्यांच्या कडेची धूळ पानाच्या खालच्या बाजूला बसून भुईरिंगणीलाही करडी छटा आणते. कोवळे पान घेऊ नये, कारण भुईरिंगणीच्या कोवळ्या पानावरही लव असते आणि ती पुढे झडते. एपिलॅक्ना भुंगेऱ्याने आणि त्याच्या अळ्यांनी खरवडून जाळीदार केलेली पानेही तपासणीला निरुपयोगी असतात. हा किडा वांग्यावर येतो तसाच वांग्याच्या रानातल्या नातलगांवरही येतो. पाने खुजी होऊन फांदीच्या टोकाला गुच्छ झाला असेल, तर ते झाड रोगट समजून बाजूला ठेवावे आणि शेजारचे निरोगी झाड घ्यावे. वांग्यात तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या पर्णगुच्छ रोगात पानांचा आकार इतका बदलतो की त्यावरून जात ओळखणे शक्य राहत नाही.

सहावी तपासणी: फूल

फुलाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. भुईरिंगणीचे फूल मोठे, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर लांबीच्या पाकळ्यांच्या चक्राचे, तर डोरलीचे त्याच्या निम्म्याहून लहान असते आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर गडद जांभळी लव असते. दोघींच्या मध्यभागी पाच पिवळे परागकोश एकत्र उभे असतात आणि पराग त्यांच्या टोकाच्या छिद्रांतून बाहेर पडतो. भुंग्यासारख्या काही रानमाश्या फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात तेव्हा तो झडतो. हे परागकोश दोघींतही सारखे असल्यामुळे ओळखीसाठी त्यांचा उपयोग नाही.

रंगाविषयी मात्र एक सावधगिरी सांगणे मला गरजेचे वाटते. भुईरिंगणीचाच पांढऱ्या फुलांचा प्रकार क्वचित आढळतो. त्याला श्वेत कंटकारी म्हणतात आणि लक्ष्मणा या नावाने, संततीप्राप्तीच्या आशेने येणाऱ्या लोकांना तो भरमसाट किमतीला विकला जातो. फूल पांढरे आहे म्हणून झाड डोरली ठरत नाही आणि वेगळी जातही ठरत नाही. वाळलेल्या मुळाकडे पाहून त्या झाडाला पांढरे फूल होते की जांभळे हे कोणालाही सांगता येत नाही, त्यामुळे असे सुटे मूळ कोणी कितीही ठामपणे विकत असला तरी ते घेऊ नये. मूल होण्यात अडचण असेल तर पती-पत्नी दोघांनी तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यात हा पैसा आणि वेळ खर्च करावा.

सातवी तपासणी: वाळलेले मूळ

या टप्प्यावर घरगुती तपासणीची ताकद संपत येते. भुईरिंगणीचे मूळ साधारणपणे काही मिलिमीटर जाडीचे, निमुळते, बारीक उभ्या सुरकुत्यांचे असते आणि आडव्या छेदात पातळ साल व घट्ट लाकडाचा मोठा भाग दिसतो. डोरलीचे मूळ अधिक जाड, सुमारे १० ते २५ मिलिमीटरचे, फिकट पिवळसर-तपकिरी, लाकडी व खरबरीत असते आणि मोडताना त्याच्या छिलक्या निघतात. दोघांची चव कडू असते, म्हणून चाखून पाहण्याला काहीच अर्थ नाही आणि तसे करूही नये.

जाडीचा हा फरक एकसारख्या वयाच्या झाडांतच विश्वासार्ह असतो. डोरलीच्या कोवळ्या झाडाचे मूळ बारीकच असणार आणि जुन्या भुईरिंगणीचे मूळ बुडाशी जाड झालेले असणार. म्हणून मुळावरून मिळालेले उत्तर मी ‘शक्यता’ एवढ्याच दर्जाचे मानतो. संपूर्ण खेप एकाच ठिकाणाहून, एकाच गोळा करणाऱ्याकडून आली असेल, तर त्याला सोबत घेऊन रानात जावे आणि त्याने कोणते झाड उपटले हे जागेवर पाहावे. मुळांचा ढीग चाळत बसण्यापेक्षा या एका फेरीने जास्त कळते.

कुठे थांबावे आणि कोणाकडे जावे

माल भुकटीच्या किंवा बारीक तुकड्यांच्या रूपात असेल, तर घरी एकही तपासणी करू नये. भुकटीत टोप, काटा, पान यांपैकी काहीच उरत नाही; सूक्ष्मदर्शकाखालील पेशींची तपासणी, रासायनिक घटक वेगळे करून पाहणारी क्रोमॅटोग्राफी किंवा डीएनए तपासणी यांशिवाय तिची ओळख पटत नाही, आणि ही कामे औषधी वनस्पतींच्या चाचणीची सोय असलेल्या प्रयोगशाळेची आहेत. औषधनिर्मितीसाठी मोठी खेप घेणाऱ्याने अखंड माल ओळखीचा वाटला तरीही असा अहवाल घ्यावा.

तपासण्यांची उत्तरे परस्परविरोधी आली, उदाहरणार्थ झाड उभे, टोप वाढलेला आणि काटे वळलेले, तर आणखी छायाचित्रे काढून चारजणांना विचारण्याने गोंधळ वाढतो. अशा वेळी नमुना जाणकारांकडे न्यावा. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, आपल्या जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, तसेच नांदेड आणि धाराशिव येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांचे द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांच्या अभ्यासाचे, विभाग ही त्यासाठी योग्य ठिकाणे आहेत. तिथेही निर्णय झाला नाही, तर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

औषध म्हणून घरी काढा करून घेण्याचा विचार असेल, तर ओळख पक्की झाल्यानंतरही थांबावे आणि नोंदणीकृत वैद्यांना विचारावे. या दोन्ही वनस्पतींत सोलासोडीनसारख्या द्रव्यांवर आधारलेली अल्कलॉइडे असतात, आणि मात्रा, रोग व रुग्ण यांचा विचार न करता घेतलेला काढा अपाय करू शकतो. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत स्वतःच्या मनाने काहीही देऊ नये. भुईरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेतली की दाढेतली कीड बाहेर पडते, अशी रीत अजूनही गावांत आहे. दाढ पोखरणारी कोणतीही अळी दातात नसते. जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे दात झिजतो आणि त्यावर इलाज दंतवैद्याकडेच होतो.

मुलाने किंवा कोणीही कच्ची फळे खाल्ली आणि पोटदुखी, उलट्या, जुलाब किंवा सुस्ती दिसली, तर झाड कोणते हे ठरवण्यात एक क्षणही घालवू नये. बळजबरीने उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात जावे आणि त्या झाडाची फळांसह फांदी पिशवीत घालून बरोबर न्यावी. लक्षणे अजून दिसत नसली तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नमुना कसा न्यावा

जाणकारांकडे गेल्यावर बहुतेक नमुने अपुरेपणामुळे परत येतात, म्हणून हे नीट करावे. फूल, कच्चे फळ आणि पिकलेले फळ असलेली फांदी घ्यावी. झाड भरपूर असेल तर एक लहान झाड मुळासह उपटावे. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत अशी पसरावी की किमान एक पान उलटे राहील आणि त्याची खालची बाजू दिसेल. मोठे फळ मधोमध कापून एक अर्धा भाग वेगळा वाळवावा, नाहीतर ते कागदातच कुजते. वर वजन ठेवावे आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. वाळलेला नमुना ज्या जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात, त्याचे प्रचलित माप ४२ गुणिले २८ सेंटिमीटर आहे. फांदी त्याहून मोठी असेल तर ती इंग्रजी एन अक्षरासारखी दुमडावी.

वाळल्यावर ज्या गोष्टी नाहीशा होतात त्या जागेवरच लिहून ठेवाव्यात: झाड उभे होते की पसरलेले, उंची किती, फुलाचा रंग, कच्च्या आणि पिकलेल्या फळाचा रंग, जमीन काळी होती की मुरमाड, गाव, तालुका आणि तारीख. गावात त्या झाडाला जे नाव आहे तेही लिहावे, पण ते शास्त्रीय नावाच्या जागी लिहू नये. मिळणाऱ्या उत्तरातील शास्त्रीय नाव पुस्तकातल्या नावापेक्षा वेगळे असले तर गोंधळू नये. भुईरिंगणी जुन्या नोंदींत सोलॅनम झँथोकार्पम किंवा सोलॅनम सुरॅटेन्स म्हणून सापडते. सोलॅनम व्हर्जिनिॲनम हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्येच दिलेले आहे आणि त्यावरून ती अमेरिकेतील वनस्पती आहे असे समजू नये. डोरलीच्या बाबतीत सोलॅनम इंडिकम हे नाव आता शास्त्रीय वापरातून बाद झाले असून तिच्यासाठी सोलॅनम व्हायोलेसियम किंवा सोलॅनम अँग्विव्ही ही नावे लिहिली जातात. आयुर्वेदाच्या साहित्यात जुनी नावे चालू असल्यामुळे अहवाल वाचताना ही सर्व नावे शेजारी लिहून ठेवणे सोयीचे पडते.

मिसळ झालेला माल हाताशी असेल, तर तो वाळण्यापूर्वी, पाने हिरवी आणि फळे अखंड असतानाच निवडून वेगळा करावा. ज्या तुकड्यांचा टोप वाढलेला आणि काटे सरळ, ते एका पोत्यात. टोप लहान आणि खोडाचे काटे वळलेले, ते दुसऱ्यात. प्रत्येक पोत्यात आणि पोत्यावर अशी दोन ठिकाणी चिठ्ठी ठेवावी, कारण बाहेरची चिठ्ठी वाहतुकीत निघून जाते. जे तुकडे कोणत्याही बाजूला बसत नाहीत त्यांचे तिसरे पोते करावे, त्यावर ‘ओळख बाकी’ असे लिहावे आणि अहवाल हाती येईपर्यंत ते विकू नये किंवा दळायला देऊ नये.